बाटलीवरची बाई

हरणाबाईनं पोत्याचं तोंड सोडलं आणि पोतं अंगणात उलटं केलं. मेलेली बदकं एकावर एक घसरत बाहेर आली. अजून पुरती पिसंही न फुटलेली, खाकी, अंगानं भरलेली. सगळ्यांचे पाय मागं ताणलेले. वास असा उठला, की गोठ्यातली म्हैससुद्धा दाव्याला हिसके द्यायला लागली.

शिवांजली हातातली बादली तशीच धरून उभी राहिली.

"बघ की. का बघवंना?" हरणाबाई म्हणाली. "म्हसवडपास्नं आणल्यात. विट्याला कंडाक्टर खाली उतरवाया लागला हुता मला. म्हनलं, उतरव. चालत जाईन. पर जिच्यापायी ही मेली, तिच्या दारात टाकल्याबिगर माघारी जायची न्हाई."

"मावशी, तुमी कोण? माझ्यापायी कशी मेली?"

हरणाबाईनं कमरेच्या पिशवीतून एक हिरवी बाटली काढली आणि शिवांजलीच्या तोंडापुढं धरली. "हे तोंड कुनाचं हाय?"

बाटलीवर शिवांजलीच होती. काखेत बदक, डोक्यावर पदर, हसरी. खाली मोठ्या अक्षरात 'जलबळ' आणि त्याखाली 'बदकांसाठी शंभर टक्के नैसर्गिक. पाण्यातून द्या, फरक पाहा.' त्याच्याही खाली तिचं नाव, गावाचं नाव, वाळवा तालुका, जिल्हा सांगली.

ती बाटली शिवांजली आयुष्यात पहिल्यांदा बघत होती.

फोटो मात्र तिला ओळखू आला. मागच्या उन्हाळ्यात जयराजनं, तिच्या धाकट्या दिरानं, तिचा व्हिडिओ काढला होता. "वहिनी, तुमची बदकं गावात गाजत्यात, जगाला दाखवू या की," असं म्हणाला होता तो. तिलाही बरं वाटलं होतं. नवरा विश्वजित फौजेत, सध्या राजस्थानात. ऊस सासऱ्यांच्या ताब्यात. तिचं म्हणावं असं घरात एवढंच होतं: ओढ्याकडेची शेड, उथळ हौद आणि ती खाकी कॅम्पबेल जातीची बदकं. इस्लामपूरच्या बेकऱ्या तिची अंडी न्यायच्या. व्हिडिओत तिनं मोकळेपणानं सगळं सांगितलं होतं. पिल्लांच्या पाण्यात ती आठवड्यातनं एकदा ठेचलेला लसूण टाकते, गाळून. शेवग्याचा पाला वाटून त्याचं पाणी देते. उन्हाच्या दिवसांत थोडं ताक. पायांत बळ यावं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं यीस्ट. आणि पाण्याचं भांडं एवढं खोल ठेवते की बदकाची चोच आणि नाक बुडलं पाहिजे, नाहीतर त्याचे डोळे चिकटतात. सांगण्यासारखं एवढंच होतं. त्यात बाटली कुठेच नव्हती.

"मावशी, ही बाटली माझी न्हाई."

"तोंड तुझं, नाव तुझं, आन बाटली तुझी न्हाई?" हरणाबाईचा आवाज चढला. "माझी सून राणी, तिनं मोबाईलात तुला बघितलं. म्हनली, आत्याबाई, आता कॅनलचं पानी आलंय, तळं हाय, बदकं करू. मेंढरं राखली आमी जन्मभर. मेंढराला काय झालं तर कळतं मला. बदकाचं काय कळतंय? तू सांगितलंस म्हनून ऐकलं. माणसं आली बाटल्या घिऊन, म्हनली, त्या बाईचंच औषध हाय. बचत गटातल्या सगळ्या बायकांनी घेतलं. पयल्या दिवशी पिल्लं पाय ओढाया लागली. दुसऱ्या दिवशी बसली ती उठली न्हाईत. माझ्या नातीनं एकेकाला हातात धरून पानी पाजलं. तेच पानी! तेच बाटलीतलं! तिला वाटलं औषधानं बरी हुतील."

हरणाबाई पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

शिवांजलीनं बादली खाली ठेवली. तिनं पाणी आणून दिलं. हरणाबाईनं तांब्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि तांब्या बाजूला सरकवला.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी दोघींना पोत्यावरून झापलं. मेलेली जनावरं अशी एसटीतून हिंडवतात का, रोगानं मेली असती तर रोग रस्ताभर पसरवत आला असतात. मग हातमोजे घालून त्यांनी दोन बदकं फाडली. बाटली हुंगली, हलवून उजेडात धरली.

"हे नुसत्या पाल्याचं पाणी नाही," ते म्हणाले. "कोंबड्यांच्या हगवणीवर एक औषध असतं. मापात दिलं तर कोंबडीला सोसतं. बदकाला सोसत नाही, त्याच्या पायातली ताकदच जाते. आणि बदक कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं. पाण्यातून दिलं म्हणजे संपलंच. पण हा माझा संशय झाला. नमुना तपासायला पाठवतो. अहवाल आल्याशिवाय मी लेखी काही म्हणणार नाही."

"मग नैसर्गिक म्हणून लिवलंय ते?" शिवांजलीनं विचारलं.

"छापायला काय लागतं?"

त्या संध्याकाळी शिवांजलीनं हरणाबाईला माघारी जाऊ दिलं नाही. शेवटची गाडी गेलेली, आणि खरं सांगायचं तर जयराज येईल तेव्हा ती समोर असावी असंच तिला वाटत होतं. हरणाबाई घरात आली नाही. सोप्याच्या कडेला घोंगडीवर बसली. सासूबाईंनी, अंबूबाईंनी, तिला ताट नेऊन दिलं. ते तिनं निम्मं खाल्लं.

जयराज गाडी लावून आत आला तो शीळ घालतच. त्यानं कृषी पदविका केली होती. आधी ड्रोननं फवारणी करायचा धंदा काढला, तो बसला. आता कुठल्याशा औषध कंपनीची एजन्सी घेतलीय, एवढंच घरात माहीत होतं. शिवांजलीनं बाटली पाटावर ठेवली.

"भावजी, हे काय?"

तो क्षणभर थबकला. मग हसला. "आरं व्हय, सांगायचंच राहिलं. सरप्राईज देणार हुतो वहिनी. तुमी आता ब्रँड झालाय."

"मी हे कवा वापरलं?"

"वापरायला कशाला पायजे? जाहिरातीतल्या हिरोइनी काय सगळा साबण घरी लावत्यात व्हय?"

"त्या म्हसवडच्या बाईची बदकं मेली, भावजी. ती बघा, बाहेर बसलीया."

जयराजनं सोप्याकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "ऊन लागलं असंल. माण तालुक्यात बदकं पाळायची म्हणजे... तिला एक पिल्लांची पेटी दिऊ. गप बसंल."

ते हरणाबाईला ऐकू गेलं. ती उठली नाही, तिथूनच म्हणाली, "आमी मागाया न्हाई आलो, दादा. इचाराया आलोय."

शिवांजलीला त्या वाक्यानं चटका बसला. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणत्यात ह्यात कोंबड्यांचं औषध हाय. अहवाल येईपर्यंत इक्री थांबवा. सगळ्या दुकानातनं माल उचला."

"मला काय माहीत आत काय हाय? कंपनीनं नॅचरल म्हणून सांगितलं, मी नॅचरल म्हणून इकलं. आन थांबवा म्हणजे? पुढच्या महिन्यात विट्यात मोठा मेळावा हाय. हॉल बुक हाय."

"मग माझा फोटो काढा त्यावरनं."

"व्हिडिओ कुणी काढला हुता? मीच न्हवं?"

अंबूबाई मध्ये पडल्या. "शिवांजली, घरातलं घरात बोलावं. परक्या बाईम्होरं दिराला असं आडवंतिडवं बोलतात व्हय? त्यो काय मुद्दाम करतोय?"

"आत्याबाई, माझं तोंड बघून लोकांनी पाजलंय. मुद्दाम असो न्हाईतर न कळत असो, आता कळलंय न्हवं? आता तर थांबवावं!"

सासरे जोतीराम, घरातले आबा, कोपऱ्यात अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते एक शब्द बोलले नाहीत. शिवांजलीनं त्यांच्याकडं बघितलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. दिराच्या बोलण्यापेक्षा तिला त्या खाली घातलेल्या मानेचा जास्त राग आला.

विश्वजितचा फोन आला तेव्हा तिनं त्यालाही सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. म्हणाला, "मी सुट्टीवर येतो, मग बसून मिटवू. तवर शांत रहा. जयराज तापट हाय."

"म्हणजे मी न्हाई व्हय तापट?" ती म्हणाली. "तुमी येईपर्यंत किती जणांच्या घरात ती बाटली जाईल? तिकडं बॉर्डरवर कुणी तुमच्या नावानं पाण्यात काय मिसळून पाजलं असतं, तर सुट्टीची वाट बघितली असती का?"

तिचं म्हणणं त्याला लागलं. मग म्हणाला, "तुला जे करायचं ते कर. मी आबांना सांगतो, तुझ्या आडवं यायचं न्हाई म्हणून." आवाजात खुशी नव्हती, पण तो फिरला नाही.

अहवाल यायला काही आठवडे लागले. तेवढ्या काळात 'जलबळ' कराडच्या बाजारात दिसलं, आटपाडीत दिसलं, तासगावात दिसलं. शिवांजली ज्या दुकानात जाईल तिथं दुकानदार आधी बाटलीकडं बघायचा, मग तिच्याकडं, आणि कौतुकानं म्हणायचा, "ताई, तुमीच न्हवं?" ती ओरडून सांगायची, इकू नका. दुकानदार हसायचे. एकानं तर विचारलं, "कंपनीशी फिसकटलं का तुमचं?" म्हणजे खरं बोललं तरी लोकांना त्यात मतलबच दिसत होता. घरी येऊन ती शेडच्या दारात बसून राहायची, बदकं पायांत घोटाळायची, आणि तिचा जीव नुसता जळायचा. आपलं हसणं कुणीतरी उचलून नेलं होतं आणि ते दारोदार जाऊन खोटं बोलत होतं.

अखेर डॉक्टरांचा फोन आला. संशय खरा निघाला होता. पाल्याच्या अर्काबरोबर कोंबड्यांचं ते औषध भरपूर मिसळलेलं होतं. कोंबड्यांचं उरलेलं टॉनिक हिरव्या बाटलीत भरून बदकांच्या नावानं विकलं असणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वर कळवलं होतं आणि शिवांजलीलाही तक्रार द्यायला सांगितलं. तिनं त्याच दिवशी दिली. ठाण्यात तिला विचारलं, "सख्ख्या दिरावर?" ती म्हणाली, "बाटलीवर. बाटली ज्याची असंल त्याच्यावर."

मेळावा दोन दिवसांवर होता. तिनं हरणाबाईला फोन लावला. "मावशी, विट्याला याल?"

"कशाला?"

"मी बोलणार हाय. पर तुमी नसला तर लोक म्हणतील भावकीचं भांडण हाय."

विट्यातलं मंगल कार्यालय भरलं होतं. खानापूर, आटपाडी, माण, खटाव. पाणी नुकतंच आलेल्या भागातले लोक. कुणाचं नवं शेततळं, कुणाच्या मनात बदकं, कुणाच्या मनात मासे. सोन्याच्या गलाईसाठी, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, परमुलखात राहून आलेले काहीजण म्हातारपणी गावात काहीतरी करावं म्हणून आलेले. दाराशी शिवांजलीचा पुरुषभर उंचीचा फोटो. ती आत शिरली तसे लोक वळून बघायला लागले. हरणाबाई तिच्या मागोमाग, हातात काही नाही, डोळे समोर.

जयराजनं स्टेजवरून तिला बघितलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. पण तो हुशार होता. त्यानं ओळखलं की हिला हाकलता येणार नाही, मग तिलाच वापरू. माईक तोंडाशी धरून तो म्हणाला, "मंडळी, आपलं नशीब थोर! जिच्या अनुभवातनं जलबळ जन्माला आलं त्या आमच्या वहिनी स्वतः आल्यात. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. शिवांजली पायऱ्या चढली. त्यानं माईक तिच्या हातात देताना हळूच म्हटलं, "वहिनी, घराची अब्रू."

"मी शिवांजली," ती म्हणाली. आवाज कापत होता, ते तिला स्पीकरमधून ऐकू आलं आणि आणखीच राग आला. "ह्या बाटलीवरची बाई मीच. मी हे पाणी माझ्या एकाबी बदकाला कधी पाजलं न्हाई. ह्यात कोंबड्यांचं औषध हाय. तपासणीत निघालंय. बदकाच्या पायावरनं वारं जातं, मग ते मरतं. घरात बाटल्या असतील तर..."

माईक बंद झाला. जयराजनं वायर ओढली होती. शिवांजलीनं तो तसाच खाली टाकला आणि सगळा जोर लावून ओरडली, "घरात बाटल्या असतील तर आजच बंद करा! आज!"

गलका उठला. "घरचं भांडण घरात करा की!" मागून कुणीतरी म्हणालं. "दिराचा धंदा बघवंना झाला," आणखी एकानं री ओढली. काही हसले. जयराज दोन्ही हात वर करून सांगत होता, "मंडळी, बसून घ्या, कौटुंबिक गैरसमज हाय."

तेव्हा हरणाबाई खुर्चीवर चढली. म्हातारी बाई, पण डोंगराच्या दोन बाजूंना हाक मारून मेंढरं वळवलेला आवाज.

"कसला गैरसमज रं? माझं तळं मोकळं पडलंय, त्यो गैरसमज हाय व्हय? आमच्या गटातल्या बायकांच्या घरात जाऊन बघ, एक पिल्लू शिल्लक न्हाई. हिच्या दिराशी माझं काय नातं? मी धनगराची, ही मराठ्याची. मी म्हसवडची, ही वाळव्याची. मला ह्यांच्या वाटणीतलं काय मिळनार हाय?"

मधल्या रांगेतून एक माणूस उठला. पांढरी टोपी, आटपाडीकडचा, वीरधवल नावाचा. तो स्टेजकडं बोट करून म्हणाला, "जयराजराव, माझी बी गेली की हो. मी तुमाला फोन केला तवा तुमीच म्हनालात, ऊन लागलं, आणखी एक बाटली द्या, डोस वाढवा."

"मला बी तसंच म्हनलं," दुसरीकडून आवाज आला. मग तिसरा.

शिवांजली जयराजकडं वळली. इतके दिवस मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात तिनं त्याला जागा ठेवली होती. न कळत झालं असेल, कंपनीनं फसवलं असेल.

"तुमाला ठाऊक हुतं," ती म्हणाली. माईक नव्हता, पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं. "लोक फोन करून सांगत हुते, आन तुमी डोस वाढवा म्हणत हुता."

जयराज स्टेजवरून उतरला. मागच्या दारानं निघून गेला. फोटोचा तो उंच फलक लोकांनीच खाली पाडला. त्यात शिवांजलीच्या चेहऱ्यावर दोघा-चौघांचे पाय पडले, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढं काय झालं ते कुणाच्या मनासारखं झालं नाही. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी दुकानांतला माल उचलला. कंपनीच्या पत्त्यावर कुलूप निघालं. मालक म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावानं काहीतरी भरतोय. जयराजची चौकशी सुरू झाली. तो कराडला मित्राकडं राहायला गेला. अंबूबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायच्या, पण भिंतीकडं बघून. जोतीराम मात्र एक दिवस शेडकडं आले, ओढ्याच्या कडेला उभे राहून बराच वेळ पाण्यातली बदकं बघत राहिले, आणि म्हणाले, "मी त्या रात्रीच बोलायला पायजे हुतं, पोरी." ती त्यांना "असू द्या आबा" म्हणाली नाही. ती म्हणाली, "व्हय, पायजे हुतं."

हरणाबाईला तिनं पिल्लं द्यायची म्हटलं. हरणाबाईनं फोनवरच उडवून लावलं. "पिल्लं नगंत. तू ये. आमच्या बायकांम्होरं हुबी राहा आन सांग. मी सांगून कुनी ऐकत न्हाई, मला म्हनत्यात तूच आणलीस ती बाटली."

शिवांजली गेली. माणदेशातल्या त्या तळ्याच्या काठावर, बाभळीच्या सावलीत, बचत गटातल्या बायका बसलेल्या. कुणी पाणी विचारलं नाही. मनुबाई नावाची एक बाई तर तिला तोंडावर म्हणाली, "हसत हुतीस की फोटोत. आता का रडल्यावानी तोंड?" शिवांजलीनं सगळं ऐकून घेतलं. आपली बाजू तिनं एकदाच सांगितली, पुन्हा उगाळली नाही. मग लसणाचं पाणी कसं करायचं, शेवगा किती, ताक कधी द्यायचं नाही, भांडं किती खोल पाहिजे आणि रोज कसं धुवायचं, ते सांगितलं. "आन हे औषध न्हाई," ती म्हणाली. "ह्यानं पिल्लू धट्टंकट्टं व्हायला मदत होते, एवढंच. आजारी पडलं तर डॉक्टर."

"तुझं तरी खरं कशावरनं?" मनुबाईनं विचारलं.

"माझ्यावर इश्वास ठेवू नका. आधी चार पिल्लांना द्या. आठवडाभर बघा. मग बाकीच्यांना."

शेवगा किती म्हणालीस, ते मनुबाईनं पुन्हा एकदा विचारलं. राणीनं चहा आणला. हरणाबाईनं पहिला कप शिवांजलीपुढं सरकवला.

माघारी येताना मायणीच्या पुढं फोन वाजला. जयराज होता. आवाज पडलेला.

"वहिनी, तक्रार मागं घ्या. तुमचा फोटो पुन्हा कुठं वापरणार न्हाई, पाहिजे तर लिहून देतो. दादाशी बी बोललोय मी. घर मोडायला नको."

"माझ्या फोटोचं न्हाईच हे, भावजी," ती म्हणाली. एसटीतले लोक वळून बघायला लागले तरी तिनं आवाज खाली आणला नाही. "एका लहान पोरीनं मरायला टेकलेली पिल्लं हातात धरली आन तुमचं पाणी पाजलं. औषध समजून. तिचं काय लिहून देताय तुमी?"

पलीकडून तो पुन्हा घराचंच बोलायला लागला. तिनं त्याला मध्येच तोडलं.

"तक्रार तशीच राहील," ती म्हणाली आणि फोन बंद केला.